बोटभर दार

एक होतं गाव. गावाला होते सात चौक, आणि सातही चौकांना मिळून होता एक हलगीवाला. त्याचं नाव खेमा.

पाय आत घे रे मुकुंदा. शालूची चादर ओढू नकोस. हं. तर खेमा.

खेमाचं काम एकच. रोज दुपारी राजवाड्यातून एक कागद यायचा. तो घेऊन खेमा चौकात उभा राहायचा, हलगी तीनदा वाजवायचा आणि मोठ्यांदा म्हणायचा, "ऐका हो ऐका." मग कागदावर असेल ते सांगायचं. आणि कागदावर काय असायचं? आज विहिरीवर पहारा बसला. उद्यापासून बाजार बंद. अमक्याला फटके, तमक्याला हद्दपारी. राजाला शिंक आली, तर गावाने तीन दिवस मोठ्याने बोलायचं नाही. असलंच सगळं. चांगलं म्हणून एक अक्षर नाही.

मग हलगी वाजली की लोक दारं लावून घ्यायचे. पुढे पुढे तर खेमा नुसता खोकला तरी माणसं घरात पळायची. त्याच्याशी कुणी बोलत नसे. वेशीबाहेर चिंचेखाली त्याचं खोपटं होतं. तिथे तो एकटा भाकरी करायचा, एकटा खायचा आणि अधूनमधून हलगीशी बोलायचा. हलगी काय उत्तर देणार?

आता नवल ऐका, बरं का. दर दवंडीला गावातली दारं लहान व्हायची. एक दवंडी झाली की दार बोटभर कमी. आधी लोकांना वाटलं, आपलीच नजर चुकतेय. मग कपाळं आपटायला लागली. मग माणसं वाकून आत जाऊ लागली, मग गुडघ्यांवर. खिडक्या तर केव्हाच मिटल्या होत्या.

राजवाड्याचं काय, विचारतेस? अगं, राजवाड्याचं दार हत्ती जाईल एवढं. त्यातलं बोटभर कमी झालं तर कुणाला कळतंय? लोक गुडघ्यांवर चालत गाऱ्हाणं घेऊन गेले, तेव्हा प्रधानाने त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दवंडी काढली. "दारं जिथल्या तिथे आहेत. लोकच उंच झाले आहेत. सबब लोकांनी कमी जेवावं." खेमाने ती सात चौकांत सांगितली. दारं आणखी बोटभर खाली आली.

सातव्या चौकात राहीआत्या नावाची कुंभारीण होती. गरिबाचं दार मुळातच ठेंगणं, म्हणून तिचं सगळ्यांच्या आधी मिटायला आलं. ती पूर्वी मोठाले रांजण करायची. दारातून रांजण जाईना, तशी ती मडकी करू लागली. मडकं जाईना, तशी बोळकी करू लागली. बोळकंही जाईना, मग पणत्या. तिचं म्हणणं, दारातून जाईल ते करायचं. हात रिकामे ठेवायचे नाहीत.

सगळ्या गावात ही एकटी खेमाशी बोलायची. सातवा चौक झाला की त्याला पाणी द्यायची. आधी मडकंभर देत असे, मग बोळकंभर. आता दार वीतभर राहिलं होतं आणि ती स्वतः आत अडकली होती. तरी पणतीत पाणी घालून ती बाहेर सरकवायची. आणि खेमा भाकरीचे तुकडे करून आत सरकवायचा.

"काय रे खेमा," ती आतून विचारायची, "आज कुणाचं वाटोळं करून आलास?"

"आत्या, मी कुठे करतो? मी नुसतं सांगतो."

"तेच म्हणते मी. नुसतं सांगतोस."

खेमाला ते फार लागलं. घरी जाताना त्याने बोटांवर मोजलं. दार उरलंय वीतभर. म्हणजे थोड्याच दवंड्या. मग राहीआत्याचं दार मिटणार, आणि या जगात आपल्याशी बोलणारं कुणी उरणार नाही.

आता हलगीवाल्यांचे तीन नेम असतात. एक, डोळ्यांनी पाहिलेलं खोटं करायचं नाही. दुसरा, हलगी एकदा वाजली की काही सांगितल्याशिवाय चौक सोडायचा नाही. तिसरा, दवंडीत स्वतःचं काही सांगायचं नाही. खेमाच्या बापाने ते पाळले, आज्याने पाळले. दारांची दवंडी सांगताना खेमाने पहिला नेम मोडला होता, आणि तेव्हापासून त्याला भाकरी गोड लागत नव्हती.

मग दुसऱ्या दिवशी काय झालं, कागद आधी वाचायचा आणि हलगी नंतर वाजवायची, हा रिवाज. पण खेमाचं चित्त राहीआत्याच्या दारापाशी. त्याने आधी हलगी वाजवली आणि मग कागद उघडला. कागदावर लिहिलं होतं, "गावात सगळे मजेत आहेत."

खेमा मान खाली घालून उभा राहिला. हे पुन्हा खोटं. सांगवत नाही. आणि हलगी तर वाजली, चौक सोडवत नाही. समोरच्या घरांत लोक कानांवर हात ठेवून बसलेले. मग त्याने डोळे मिटले आणि सकाळी पाहिलं होतं ते सांगून टाकलं.

"ऐका हो ऐका. तेलीआळीतल्या एका पोरीचा हललेला दात आज पडला. तिने तो दारातून हात काढून मला दाखवला. एवढंच."

मग एका घरातून कुणीतरी फिसकन हसलं. आणि बाळांनो, करकर आवाज झाला. त्या चौकातली दारं बोटभर वर सरकली.

खेमाचा विश्वास बसेना. त्याने तेच सातही चौकांत सांगितलं. सगळीकडे दारं बोटभर वर.

दुसऱ्या दिवशी त्याने कागद कमरेला खोचला आणि सांगितलं, "ऐका हो ऐका. विठा शिंपिणीचा लाल दोरा चिमणीने पळवला. विठाबाई रागावली नाही. तिने आणखी एक दोरा तोडून उंबऱ्यावर ठेवला." दारं बोटभर वर.

तिसऱ्या दिवशी सांगितलं, "ऐका हो ऐका. अंतू आणि भिवा शेजारी. सात वर्षं अबोला. काल अंतूच्या चुलीतला विस्तव विझला. भिवाने खापरीवर चार निखारे घातले आणि त्याच्या दारातून आत सरकवले. बोलले नाहीत. पण सरकवले." दारं आणखी बोटभर वर. लोक आता हलगी वाजली की दारापाशी कान लावून बसू लागले.

झोपलास का रे मुकुंदा? नाही? बरं.

तर प्रधानाने खेमाला बोलावलं. "राजवाड्याचा कागद तू वाचत नाहीस म्हणे. दात काय, दोरा काय. ही काय दवंडी झाली?"

"पाहिलं ते सांगितलं, सरकार."

"लोकांना गोड ऐकायचंय ना? मग आम्ही गोड देतो. शंभर गोड गोष्टी लिहून आणल्यात. त्या सांग."

खेमाने यादी वाचली. सगळ्यांची पोटं भरलेली आहेत. सगळी पोरं हसत आहेत. तेलीआळीत रोज खीर शिजते.

"यातलं एकही मी पाहिलं नाही, सरकार. तेलीआळीत मी सकाळीच होतो. तिथे पातेली पालथी घातलीत."

"तुला पाहायला कोण सांगतंय?" प्रधान म्हणाला. त्याने खेमाच्या गळ्यातली हलगी काढून घेतली आणि आपल्या मेहुण्याच्या गळ्यात घातली. मेहुण्याला काम नव्हतंच. तसे मेहुणे असतातच.

मग मेहुणा निघाला. तो नुसता वाजवतोय, नुसता सांगतोय. पहिल्या चौकात शंभर गोड गोष्टी, दुसऱ्या चौकात शंभर गोड गोष्टी. आणि तेलीआळीतल्या बाया पालथ्या पातेल्यांशेजारी बसून खिरीचं ऐकताहेत. धाड, धाड, धाड. हात हात, दोन दोन हात दारं खाली. सातव्या चौकापर्यंत कुठल्याच घरात जायला वाट राहिली नाही. सगळीकडे नुसती भोकं. त्याच वेळी राजा हत्तीवर बसून राजवाड्याबाहेर पडत होता. दार आलं खाली. हत्ती अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि राजा अंबारीत आडवा. मेहुण्याने ते लांबून पाहिलं, हलगी टाकली आणि जो पळाला तो पळालाच.

हसा, हसा. पण खेमाला हसू आलं नाही. तो तडक सातव्या चौकात गेला. राहीआत्याच्या दाराच्या जागी भिंत होती. भिंतीत एक भोक होतं, माझं हे बोट जाईल एवढं. खेमा तिथे मातीत बसला. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. सातही चौकांत वारा नुसता मोकळा फिरत होता. त्याला वाटलं, आता हे गाव म्हणजे आपल्या चिंचेखालच्या खोपटासारखंच झालं. तेवढं एकटं.

बराच वेळ गेला. मग भोकातून आवाज आला.

"खेमा, आहेस का?"

"आहे, आत्या."

"ऊन कुठवर आलंय?"

"पारावर."

"म्हणजे दुपार. मला वाटलंच. आत सगळा अंधार झालाय बघ, काही कळत नाही. तू आलास की मी समजते, दुपार झाली."

आपल्या येण्याचा कुणाला असा उपयोग होत असेल, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

आत काहीतरी खुडबुड झाली. मग भोकातून एक मातीचा मणी बाहेर आला. अर्ध्यात अडकला. आतून आत्याने ढकलला, बाहेरून खेमाने ओढला. "पणती काही जाईना," आत्या म्हणाली. "मणी जातो. घे. चुलीत भाजलाय, पोळेल."

खेमाने तो मणी मुठीत धरला. मग तो उठला. टाकलेली हलगी शोधून आणली, धूळ झटकली, आणि चौकात उभं राहून तीनदा वाजवली. बंद घरांत लोक दचकले. आता काय सांगतोय हा? सांगायला त्याच्याजवळ तरी काय होतं? सबंध दिवसात त्याने भिंतीशिवाय काही पाहिलं नव्हतं. दात नाही, दोरा नाही, निखारे नाहीत. आणि तिसरा नेम सांगत होता, स्वतःचं बोलायचं नाही.

मग त्याने तो नेम मोडला. जाणूनबुजून मोडला.

"ऐका हो ऐका. आज दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच सांगतो. मी खेमा हलगीवाला. मी रोज सात चौक चालतो आणि माझ्याशी कुणी बोलत नाही. तुमची चूक नाही. मी घेऊन येत होतो तेच तसं होतं. पण आज एका मिटलेल्या दारामागून मला विचारलं, आहेस का. मी म्हटलं, आहे. आणि मला एक मणी मिळाला. तो अजून गरम आहे. मला बरं वाटलं. एवढंच."

सगळं गप्प. खेमाला वाटलं, झालं, संपलं.

मग डावीकडच्या भिंतीतून एक म्हातारा आवाज आला. "खेमा, मी पण आहे रे."

मग पलीकडून, "आणि मी. विठा शिंपीण."

मग सगळा चौक एकमेकांना हाका मारू लागला. आहेस का गं? आहे. तुझी आई कशी आहे? आहे, बसलीय. शेजारच्या चौकाने ऐकलं, त्याने पुढच्या चौकाला विचारलं. कुठून तरी अंतूचा आवाज आला, "भिव्या, आहेस का, की मेलास?" आणि भिवा म्हणाला, "तुला पोचवल्याशिवाय मी मरतोय होय."

प्रत्येक 'आहे'ला दार बोटभर वर. करकर, करकर. गुडघ्याएवढं झालं, कमरेएवढं झालं, माणसाएवढं झालं. तिकडे हत्ती मोकळा झाला आणि राजा अंबारीतून घसरून मातीत बसला. गावातली माती त्याच्या अंगाला पहिल्यांदाच लागत होती.

प्रधान धावत आला. "पाहिलंत महाराज? माझ्या शंभर गोष्टींनी दारं उघडली."

राजाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो कपडे न झटकता चालत सातव्या चौकात आला आणि खेमाला म्हणाला, "उद्या काय सांगणार आहेस?"

"आज कसं सांगू, महाराज? उद्या पाहीन, मग सांगेन. वाईट झालं तर वाईटही सांगेन. दारं बोटभर खाली येतील. पण पाहिल्याशिवाय सांगणार नाही, आणि पाहिलेलं लपवणार नाही."

राजाने हातावरची माती पाहिली. मग म्हणाला, "कागद पाठवत नाही." आणि परत चालतच गेला.

मग राहीआत्या बाहेर आली. उजेडाने डोळे मिचकावत होती, पायांना मुंग्या आल्या होत्या. तिने खेमाचा खांदा धरला. इतके दिवस नुसता आवाज ऐकून तिला वाटायला लागलं होतं तेवढा तो तरुण नव्हता. त्याला वाटली होती तेवढी ती म्हातारी नव्हती.

"चल आत," ती म्हणाली. "पिठलं टाकते."

या गावातल्या कुठल्याही घरात खेमा आजवर गेला नव्हता. तो दारात थांबला आणि खाली वाकला.

"वाकू नकोस," आत्या म्हणाली. "आता लागत नाही डोक्याला."

तर तो सरळ चालत आत गेला, आणि दोघांनी पोटभर पिठलंभाकरी खाल्ली. गावातली माणसं दारं उघडी टाकून राहू लागली आणि सुखाने नांदली. हत्तीही नांदला. मेहुणा कुठवर पळाला ते मला ठाऊक नाही, मी काही पाहिलेलं नाही.

शालू झोपली वाटतं. तूही कूस बदल मुकुंदा, आणि मिट डोळे. मी बसलेय इथे.