चौसष्ट कॅमेरे आणि सगुणाक्काची पेटी

एका गावात एक फौजदार होता. त्याने गावभर चौसष्ट कॅमेरे लावले आणि सगळ्यांची चित्रं चौकीतल्या एकाच भिंतीवर आणली. कोण कुठे गेलं, किती वेळ थांबलं, हे यंत्र आपणहून जुळवायचं आणि संशयिताचं नाव सांगायचं. झालं! फौजदार खुर्चीतून उठेनासा झाला. गस्त बंद, चौकशीही बंद.

त्याच गावात सगुणाक्का कासारीण राहायची. बांगड्यांची पेटी घेऊन ती दारोदार फिरायची. लग्नसराईत एकेका घरी तासभर बसून लेकीसुनांना चुडा भरायची.

एके दिवशी मालतीबाईंच्या सोन्याच्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. यंत्राने लगेच नाव काढलं, सगुणाक्का. आळीतल्या प्रत्येक घरात गेलेली, प्रत्येक घरी रेंगाळलेली, हातात झाकलेली पेटी.

"साहेब, कासारीण घरोघरी जाणारच की," म्हातारा हवालदार पिराजी म्हणाला. "मी जरा मालतीबाईंना विचारून येतो."

"यंत्र खोटं बोलत नाही, पिराजी. गप बसा."

ऐन बाजाराच्या दिवशी सगुणाक्काला बेड्या घालून पेठेतून नेलं. चौकीत तिची पेटी फरशीवर उपडी केली. 'बांगडी फुटली' हे अशुभ शब्दही जिने कधी तोंडातून काढले नव्हते, तिच्या डोळ्यांदेखत हिरव्या चुड्यांचा चुरा झाला.

तिसऱ्या दिवशी पिराजीला राहवेना. कुणाला न सांगता तो मालतीबाईंकडे गेला. "बाई, चुडा भरताना पाटल्या उतरवल्या असतील ना? तेव्हा कुठं ठेवल्या?"

मालतीबाई धावत स्वयंपाकघरात गेल्या. पाटल्या तांदळाच्या डब्यात होत्या. त्यांनीच ठेवल्या होत्या.

"यंत्राची चूक झाली. जा घरी," फौजदार सगुणाक्काला म्हणाला. माफीचा एक शब्द नाही. म्हणे यंत्राची चूक! अरे, बेड्या काय यंत्राने घातल्या होत्या?

सगुणाक्का सुटली, पण तिला दारं उघडेनात. "पोलीस काय उगीच नेतात?" बायका कुजबुजायच्या. चोर ठरलेल्या बाईच्या हातात हात कोण देणार? तिची चूल थंडावली.

पुढे फौजदाराच्या लेकीचं लग्न ठरलं. हिरव्या चुड्याशिवाय नवरी बोहल्यावर कशी चढणार? आणि सगुणाक्काचे हाल ऐकून पंचक्रोशीतला एकही कासार त्याच्या दारी यायला तयार होईना. शेवटी फौजदार नाक मुठीत धरून सगुणाक्काकडे गेला.

ती आली. पण उंबऱ्याशी थांबली आणि दारावरच्या कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाली, "साहेब, आधी त्याला विचारा. मला तासभर बसायचंय."

फौजदाराने हात जोडले.

"पोरीचा काय दोष? तिला अंगणात आणा," सगुणाक्का म्हणाली. "आणि तिच्या पाटल्या उतरवून तुमच्या हातात धरा. मी उठेपर्यंत खाली ठेवायच्या नाहीत."

भर उन्हात, सगळ्या आळीसमोर, सगुणाक्काने नवरीला चुडा भरला. फौजदार दोन्ही तळहातांवर पाटल्या धरून तासभर उभा राहिला. वरून त्याचाच कॅमेरा त्याच्याकडे बघत होता.

तात्पर्य: यंत्राने नाव सांगितलं तरी बेड्या माणूसच घालतो. जो साधा एक प्रश्न विचारायला खुर्चीतून उठत नाही, त्याने चूक यंत्राच्या माथी मारू नये.