देवाचं ताट

रोमचा सम्राट ड्रुसियन याने सकाळीच दवंडी पिटून स्वतःला देव ठरवलं. दुपारी सेनापतीने त्याच्या ताटात विषारी अळंबी घातली. कट झकास होता. फक्त ताट आधी चाखायचं काम फिलोचं होतं. फिलो कटात सामील होता, पण त्याला मरायचं नव्हतं.

"चाख!" भरदरबारात सम्राट गरजला.

फिलोने कानाला हात लावले. "देवा, तुमचा नैवेद्य मी उष्टा करू? लोक म्हणतील, हा कसला देव, विषाला घाबरतो!"

पुजाऱ्यांनी माना डोलावल्या. आता माघार कशी घेणार? देवाने ताट चाटूनपुसून संपवलं आणि देव जागच्या जागी आडवा झाला.

संध्याकाळी सेनापती सम्राट झाला. जेवायला बसताच तो घाईघाईने म्हणाला, "फिलो, मी साधा माणूस आहे बरं का! आधी तू चाख."