सागाच्या पानावरची पाहुणी

झाडं आपलं दुखणं बोलून दाखवत, त्या काळची गोष्ट. आदल्या वर्षी अळ्यांनी बोडक्या केलेल्या एका सागाच्या पानांवर पतंगांनी पुन्हा अंडी घातली. तेवढ्यात मोहरीहून लहान अशी एक गांधीलमाशी आली.

"दादा, बसू का?"

"तू बसून काय होणार? इथे अळ्या टिपता टिपता साळुंक्यांचा थवा हरला."

"माझी अंडी या अंड्यांच्या पोटात ठेवते," ती म्हणाली आणि कामाला लागली. काम संपलं तशी तिथेच मेली.

आठवड्याने अंडी फुटली. साग पहिल्या चाव्याची वाट पाहत राहिला. पण अंड्यांतून अळ्या आल्याच नाहीत, पंख आले. पानापानांवरून चिमुकल्या माश्या उन्हात उठल्या.

साळुंकीने विचारलं, "कुणाची रे ही पोरं?"

साग म्हणाला, "जिला मी साधं 'बस'सुद्धा म्हणालो नाही, तिची."