सहा बादल्या

डोंगरांच्या पार पलीकडे एक गाव होतं. तिथे थंडी अशी पडायची की नदीसुद्धा वाहायची थांबे, आणि गावाबाहेरचं तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठून जाई. त्या तळ्यावर गावचा संघ बर्फावरची हॉकी खेळायचा. पायांत पात्यांचे बूट, हातात वाकडी काठी आणि चेंडूच्या जागी एक काळी, चपटी चकती. पाच जण पुढे धावायचे, सहावा मागे जाळ्यापाशी उभा राहायचा. आणि हे काही हौसेचे खेळाडू नव्हते बरं का! खेळणं हेच त्यांचं काम होतं आणि त्यावरच त्यांची घरं चालायची.

संघाचा कप्तान होता जिगमेत. अंगाने चपळ, खेळात तरबेज, आणि नाकावर माशी बसू न देणारा. जाळ्यापाशी उभा राही तो लोब्झांग. हा जिगमेतहून बराच मोठा. जिगमेत लहानपणी पहिल्यांदा बर्फावर उभा राहिला, तो याच लोब्झांगचे दोन्ही हात घट्ट धरून. म्हणून जिगमेत त्याला 'आचो' म्हणायचा. त्यांच्याकडे थोरल्या भावाला आचो म्हणतात.

या गावच्या खेळात दोन रीती होत्या. सामना संपला की पाचही जण जाळ्यापाशी जात आणि गोलरक्षकाच्या पायांना बांधलेल्या जाड गाद्यांवर काठीने हळूच टकटक करत. 'तू होतास म्हणून' असं तोंडाने म्हणायला पुरुषमाणसं लाजतात, म्हणून ते काठीकडून म्हणवून घेत असावेत. दुसरी रीत पाण्याची. दिवसभरच्या खेळाने बर्फावर ओरखडे पडत. ते बुजवायला संध्याकाळी हरलेल्या संघाने झऱ्याचं पाणी आणायचं आणि बर्फावर त्याचा पातळ थर द्यायचा. सहाही जणांनी ओळीने उभं राहायचं, हातात एकेक बादली घ्यायची आणि मागे मागे सरकत पाणी सोडायचं. रातोरात ते गोठे आणि सकाळी तळं आरशासारखं होई. जिंकलेला संघ तेवढ्यात काठावर शेकोटीपाशी बसून लोणी घातलेला गरम चहा पीत असे.

जिगमेतच्या संघाला वर्षानुवर्षं चहाच मिळाला होता. बादली कशी धरतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

मग तो हिवाळा आला. पहिल्याच सामन्यात अगदी शेवटी एक साधी चकती लोब्झांगच्या दोन पायांमधून आत गेली आणि संघ हरला. सगळे चिडले होते, थंडीने कुडकुडत होते. काठाच्या एका कोपऱ्यात बादल्या ठेवलेल्या होत्या. जिगमेत हसत म्हणाला, "ज्याने गोल सोडला, त्याने पाणी द्यावं!"

तो बोलला चेष्टेत. पण बाकीच्यांना तेच हवं होतं. ते हसले आणि घरी गेले. लोब्झांगही हसला आणि त्याने बादली उचलली. त्या दिवशी त्याच्या पायांवर टकटक करायचं सगळेच विसरले.

पुढचा सामनाही गेला. त्याच्या पुढचाही गेला. एकदा केलेली चेष्टा दुसऱ्यांदा सवय झाली आणि तिसऱ्यांदा नियम. पाणी द्यायचं ते लोब्झांगने, यात आता कुणाला वावगं वाटेना. गोल झाला की पाचही जण पाठ फिरवून निघून जायचे. जाळ्यात पडलेली चकती लोब्झांग एकटाच वाकून बाहेर काढायचा.

आणि खेळ काही केल्या जमेना. या संघाचा सगळा डौल वेगात होता. एकाने चकती सोडायची आणि दुसऱ्याने न बघता ती झेलायची, असा त्यांचा खेळ. पण यंदा चकती सरळ जाईचना. मध्येच उडे, वळे, भलत्याच्याच काठीला लागे. पाहुणे संघ आपले जपून, सावकाश खेळत आणि जिंकून जात.

"यंदा तळंच नीट गोठलं नाही," एक जण म्हणे.

"काठ्यांचं लाकूड कच्चं निघालं," दुसरा म्हणे.

आणि शेवटी सगळ्यांचं बोट लोब्झांगकडे वळे. त्याचे गुडघे आता पहिल्यासारखे वाकत नाहीत, हे खरंच होतं. हरलेल्या माणसांना एवढं खरं पुरेसं होतं.

आणखी एक सामना हरला आणि शेवटचा तेवढा राहिला. त्याच दुपारी संघाच्या मालकांनी जिगमेतला बोलावून घेतलं. नवांग त्यांचं नाव. मनाने वाईट नव्हते, पण गावात रोज ऐकावे लागणारे टोमणे त्यांच्या जिव्हारी लागले होते.

"उद्याच्या सामन्याला लोब्झांग नको," ते म्हणाले. "त्याला सांग, आता घरी बस. कायमचा. तू सांगितलंस तर तो ऐकेल."

जिगमेतने मान डोलावली. त्यालाही मनातून तेच वाटत होतं. निदान आपल्याला तसं वाटतंय अशी त्याने समजूत करून घेतली होती.

दिवस कलायला लागला होता. तो तळ्याकडे निघाला. वाटेत त्याने शब्द जुळवले. 'आचो, तुझे गुडघे दुखतात. आचो, तू खूप खेळलास. आचो, राग मानू नकोस.' शब्द चांगले गोड होते, पण त्याला स्वतःलाच पटत नव्हते.

तळ्यावर लोब्झांग एकटाच होता. बादली घेऊन तो मागे मागे सरकत पाणी सोडत होता. बादली संपली की झऱ्याकडे जाई, भरून आणी आणि पुन्हा सरकू लागे. मधूनच थांबून गुडघा चोळी. त्याचे हातमोजे भिजून, गोठून लाकडासारखे कडक झाले होते.

बोलायचं लांबावं म्हणून जिगमेतने एक बादली उचलली आणि तो लोब्झांगच्या शेजारी उभा राहिला. लोब्झांगने नुसतं बघितलं आणि थोडी जागा करून दिली. दोघं सोबत सरकू लागले. दोघांचं पाणी एकमेकांना भेटलं आणि एकाच थरात पसरलं. जिगमेत बघत राहिला. त्या दोन्ही पाण्यांच्या मध्ये रेघसुद्धा उरली नव्हती.

मग त्याने पुढे पाहिलं. लोब्झांगने आधी एकट्याने जे पाणी टाकलं होतं, तिथे कलत्या उन्हात प्रत्येक पट्ट्याच्या कडेला बर्फाचा एक बोटभर उंचवटा दिसत होता; धावण्याच्या वेगात तो कधी कुणाच्या नजरेत भरला नव्हता. शेताला बांध घालावेत तसे सगळ्या तळ्यावर बांधच बांध. एक बादली टाकून दुसरी आणेपर्यंत पहिलीचं पाणी गोठून जात होतं. थर एकमेकांना भेटतच नव्हते. सगळा हिवाळाभर त्यांची चकती उडत होती ती याच बांधांवरून. आणि हे बांध कुणी घातले होते? बादली लोब्झांगच्या हातात होती. पण बाकीच्या पाच बादल्या कोपऱ्यात कोरड्या ठेवल्या होत्या, त्या जिगमेतच्या एका चेष्टेपायी.

"आचो, रोज एकटाच करतोस?" त्याने विचारलं. आपण किती मूर्खासारखं विचारतोय हे त्याला विचारतानाच कळलं.

"तुम्ही दमलेले असता," लोब्झांग म्हणाला.

"हे बांध पडतात, ते बोलला का नाहीस कधी?"

लोब्झांगने बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "मला वाटलं, माझंच काही चुकतंय. गोल सोडतो, तसं पाणीही नीट देता येत नसेल मला."

जिगमेतला रडू फुटलं. थंडीत डोळ्यांतून पाणी येतंच, असं तो पुटपुटला. लोब्झांगने ते खरं मानल्यासारखं केलं. वाटेत जुळवलेले शब्द जिगमेत तिथेच विसरला. दोघांनी अंधार पडेपर्यंत पाणी दिलं. पण तळं मोठं होतं. जाळ्यासमोरचा थोडासा भागच काय तो नीट झाला.

सकाळी जिगमेत मालकांकडे गेला.

"लोब्झांग खेळेल," तो म्हणाला. "कुणाला काढायचंच असेल तर मला काढा. चकती त्याच्यापर्यंत पोचते, तेव्हा आम्हा पाच जणांना ओलांडून आलेली असते."

"आणि पुन्हा हरलात तर?"

"मग सहा जण हरू. आतापर्यंत तो एकटाच हरत होता."

मालकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "बघू," एवढंच ते म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ काय घ्यायचा, ते जिगमेतला कळलं नाही.

बूट चढवता चढवता त्याने बाकीच्या चौघांना सगळं सांगितलं. चेष्टा आपली होती हे आधी सांगितलं, मग बांधांचं सांगितलं. चौघांच्या माना खाली गेल्या. छेवांग नावाचा खेळाडू सगळ्यात जास्त बडबड्या, पण तोही आपल्या बुटाच्या नाड्याच आवळत बसला.

सामना झाला. आता तुम्हाला वाटत असेल, ते जिंकले असतील. नाही जिंकले. एका रात्रीत सगळे बांध थोडेच जाणार! पण ते जिवाच्या आकांताने खेळले. कुणी कुणावर ओरडलं नाही. चकती लोब्झांगकडे निघाली की पाचही जण वळून मागे धावत. बरोबरी होत आली होती, तेवढ्यात एक चकती शेवटच्या बांधावर आपटली, उडाली आणि लोब्झांगच्या खांद्यावरून जाळ्यात गेली. एका गोलाने हरले.

लोब्झांग सवयीने खाली वाकला आणि चकती काढू लागला. तेवढ्यात त्याच्या पायांवरच्या गादीवर टकटक झालं.

त्याने वर पाहिलं. समोर जिगमेत होता. त्याच्या मागे छेवांग, आणि त्याच्या मागे बाकीचे तिघे. एकेक जण पुढे येत होता, काठी टेकवत होता आणि बाजूला होत होता. छेवांगने तर दोनदा टकटक केलं. राहून गेलेल्या टकटकींची भरपाई, असं म्हणाला. लोब्झांगने चकती छातीशी घट्ट धरून ठेवली.

पाहुणे शेकोटीकडे गेले. जिगमेत कोपऱ्यात गेला आणि त्याने सहा बादल्या आणल्या.

"अरे, आता सामनाच नाही उरला," छेवांग म्हणाला. "पाणी कुणासाठी द्यायचं?"

लोब्झांगने बादली उचलली. "उद्या गावची पोरं येतील ना खेळायला," तो म्हणाला. "त्यांनी का आपटायचं आपल्या बांधांवर?"

मग त्यांनी लोखंडी पहारींनी आधी ते उंचवटे फोडले आणि तासून काढले. मग सहाही जण ओळीने उभे राहिले आणि मागे मागे सरकत पाणी सोडू लागले. लोब्झांगचा गुडघा दुखतोय हे ओळखून सगळी ओळच सावकाश चालू लागली. काम अर्ध्यावर आलं, तेव्हा काठावरून कुणीतरी चहाची मोठी किटली घेऊन येताना दिसलं. ते मालक होते. हरलेल्यांना चहा देण्याची रीत त्या गावात नव्हती, पण मालकांनी सहा वाट्या भरल्या आणि पहिली लोब्झांगच्या हातात दिली.

"पुढच्या हिवाळ्यात मला सहाच्या सहा हवेत," ते म्हणाले. "आणि पोरांना जाळ्यापाशी उभं राहायला शिकवणारा कुणीतरी लागेल. तेही तूच बघ, लोब्झांग."

दुसऱ्या दिवशी जिगमेत लवकर तळ्यावर आला. बर्फावर ऊन पडलं होतं. कालच्या सहा जणांपैकी कुणी कुठे पाणी टाकलं, ते तो वाकून शोधत राहिला. कुठे रेघ सापडेना, कुठे कड सापडेना. मागून पात्यांचा करकर आवाज आला आणि कुणीतरी काठीने त्याच्या बुटावर हळूच टकटक केलं. मागे कोण आहे, हे वळून बघायची त्याला गरजच पडली नाही.

तात्पर्य: हार एकट्याच्या गळ्यात घातली, तर ती सगळ्यांच्या पायांत येते. ती सगळ्यांनी मिळून उचलली, तर मागून येणाऱ्यांची वाटही सपाट होते.