वाकड्या मानेचा भोपळा

माणसं या रानात यायच्या आधीची गोष्ट. रानातला एकुलता एक झरा कोल्ह्याच्या ताब्यात होता. पाणी न्यायला तो सगळ्यांना सुकवलेले भोपळे द्यायचा. भोपळा वेलीवर कोवळा असतानाच तो त्याची मान दोरीने पिळून ठेवायचा. अशा मानेत पाणी शिरायचं ते फक्त कोल्ह्याच्या वाकड्या पन्हळीतून. पलीकडे नदी वाहत होती, पण तिथे भोपळा कितीही बुडवला तरी रिकामाच वर यायचा.

उन्हाळ्यात झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. वानरी गाऱ्हाणं घेऊन कोल्ह्याकडे गेली, तर दारात त्याचा पोपट बसलेला.

"तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. कृपया थांबा."

"सकाळपासून थांबलेय, पोपटराव. घरी पिल्लू तहानलंय. कोल्होबांना बोलवा."

"तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. कृपया थांबा."

वानरीचं डोकं फिरलं. तिने भोपळा खडकावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले आणि पिळलेल्या मानेत अडकलेल्या बिया बाहेर सांडल्या. तिने बुडाचा तुकडा उचलला, नदीतून भरला आणि पिल्लाला पोटभर पाणी पाजलं. बिया तिने काठावर पुरल्या.

पुढच्या वर्षी काठावर सरळ मानेचे भोपळे लोंबू लागले. ज्याला हवा तो नेत होता, हवं तिथे भरत होता.

एका दुपारी पोपट तिथे आला. बराच वेळ चोच नुसती उघडत-मिटत राहिला.

"बोला, पोपटराव," वानरी म्हणाली. "थांबते मी."

"तहान लागलीय," पोपट म्हणाला.