चरवीने भागलेला हौद

संस्थानच्या हत्तीचा हौद बारा घागरींचा होता, आणि तो रोज भरता भरता यसूबाईचे केस पांढरे झाले होते. एके दिवशी विसाजीपंत कारभाऱ्यांना तिची दया आली. त्यांनी घागर काढून घेतली आणि पाव घागर पाणी मावेल एवढी चरवी तिच्या हातात दिली.

"ओझं पाव, म्हणजे कामही पाव," पंत म्हणाले. "भागलं की कमीच होतं. उरलेल्या वेळात हत्तीखाना झाडत जा."

यसूबाईने वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं. ती विहिरीच्या पायऱ्या चढत-उतरत राहिली.

दुपारी महाराज आले, तेव्हा हौद अर्धाच भरला होता, झाडू कोपऱ्यातच होता आणि यसूबाई पायरीवर बसली होती.

"कामचुकार आहे, सरकार!" पंत कडाडले. "सगळं काम पावाने भागून दिलं, तरी हिच्याच्यानं होत नाही."

यसूबाईला उठवेना. ती बसूनच बोलली. "सरकार, एका घागरीच्या चरव्या होतात चार. बारा घागरी पावाने भागल्या, तर खेपा झाल्या अठ्ठेचाळीस. त्यातल्या चोवीस केल्या. पंतांनी भागला हौद, आणि भागले मी."

महाराज हसले नाहीत. त्यांनी चरवी उचलून पंतांच्या हातात दिली. "उरलेल्या चोवीस तुमच्या."

दहाव्या खेपेला पंत धापा टाकत पायरीवर टेकले. यसूबाईने सरकून जागा दिली आणि हळूच विचारलं,

"किती कमी झालं, पंत?"