माजघरातली माहेरची भिंत

घाट चढून वर आलं की लागणारं धवळखडी गाव बाहेरून सगळं पांढरं आहे. गावामागची टेकडीच चुनखडीची. पण कुठल्याही घरात पाऊल टाका, माजघराची एक भिंत वेगळ्याच रंगाची दिसते. कुठे तांबडी, कुठे पिवळसर, कुठे काळपट. पाहुणे कारण विचारतात, आणि गावातली म्हातारी माणसं त्यांना दिवाकरशास्त्र्यांची गोष्ट सांगतात.

त्या काळी घर आतबाहेर पांढरंच ठेवायचं, नाहीतर टेकडीवरची देवी कोपते, असा समज होता. शास्त्रीबुवा मोठे विद्वान, पण स्वतःवर काडीचा भरवसा नसलेले. दाराला कडी घातली की नाही हे पाहायला तीनदा मागे फिरत, म्हणे. पत्नी वारलेली, मुलगा काशीला शिकायला गेलेला. घरात ते आणि सून सगुणा. सगुणा घाटाखालची, कोकणातल्या तांबड्या मातीतली. तिला सातवा महिना लागला आणि अन्नच जाईना. पेज घेतली तरी उलटून पडे. राही सुईण रोज येऊन पोट चाचपे. एके दिवशी ती म्हणाली, "शास्त्रीबुवा, असंच चाललं तर दोघांतलं एकही हाती लागायचं नाही."

त्याच दिवसांत माजघराच्या भिंतीवर ओरखडे दिसू लागले. बुवांना वाटलं, सफेदी आपणच कच्ची दिली. त्यांनी चुन्याचा आणखी एक हात दिला. दोन दिवसांनी पुन्हा ओरखडे, पुन्हा हात. असं चार वेळा झालं, आणि एका दुपारी त्यांनी पाहिलं, सगुणाच नखांनी चुना उकरत होती. उघड्या पडलेल्या मातीवर ती पाण्याचे शिंतोडे उडवी आणि नाक लावून बसे.

"सूनबाई, भिंत खातेस की काय?"

"नाही हो, मामंजी. आमच्याकडच्या भिंतीसारखा वास येतो का बघते. डोहाळेच म्हणा. या चुन्याच्या वासानं पोटात ढवळतं."

तोच चुना बुवांनी चार वेळा दिला होता.

डोहाळ्यांविषयी शास्त्र काय म्हणतं ते पाहायला त्यांनी पोथ्या बांधलेले रुमाल सोडले, आणि पोथ्या तशाच ठेवून ते रुमाल तेवढे घेऊन घाट उतरले, असे सांगतात. पाचव्या दिवशी परतले ते त्या रुमालांत तांबडी माती बांधून. ती भिजवून मोठ्या हौसेने भिंतीवर फिरवली. संध्याकाळपर्यंत पोपडे धरून सगळी खाली.

"मला काही म्हणता काही धड येत नाही," बुवा म्हणाले.

"येईल कसं?" दारातून राही म्हणाली. "पोथीला कधी लिंपण लागतं का?"

सगुणा भिंतीला धरून उठली. "मामंजी, चुन्यावर माती धरत नाही. आधी सगळं खरवडा, भिंतीचं अंग लागेपर्यंत. मग तिला पोटभर पाणी पाजा. मग माती."

"अगं, पण देवी कोपली तर?"

"कोपली तर सांगा, सून म्हणाली."

बुवांनी खुरपं घेतलं. आज्या-पणज्यांनी दिलेले चुन्याचे थर एकेक करून खाली येत होते, आणि बुवा प्रत्येक थराची क्षमा मागत होते. तिसऱ्या दिवशी भिंत तांबडी झाली. सगुणा तिला गाल लावून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "मामंजी, भात आहे का?"

ती भिंत पुढे दोन महिने सुकलीच नाही, म्हणे. नात जन्मली त्या सकाळी कोरडी पडली. देवीनेच ओल धरून ठेवली, असं गाव म्हणतं. बुवा मात्र शेवटपर्यंत म्हणत, "माझ्या हातून पाणी जरा जास्त झालं असावं."

आजही धवळखडीत सुनेला सातवा महिना लागला की सासरा तिच्या माहेरची माती आणतो आणि माजघराची भिंत स्वतःच्या हाताने खरवडतो. रंग आता तालुक्याच्या दुकानातून डब्यात येतो, तरीही. गेल्या वर्षी एका सुनेचं माहेर निघालं शहरात, सातव्या मजल्यावर. सासऱ्यांनी तिथल्या गॅलरीतल्या कुंडीतून मूठभर माती आणली आणि डब्यात टाकली.

रंगारी ओरडला, "काका, अशानं कंपनी गॅरंटी देत नाही!"

काकांनी ढवळायची काठी त्याच्या हातून घेतली. "सुनेला विचारलंय मी," ते म्हणाले, "तुझ्या कंपनीला नाही."